क्रॉसिंगवाल्या पोरींचं गणित

मोनिका आणि मी एका वर्गात होतो. आमचं गाव भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडं. आता आम्ही दोघीही जालन्यात दिलेल्या, आणि एमआयडीसीतल्या एकाच बियाण्याच्या कारखान्यात कामाला. ती प्रयोगशाळेत, मी रेकॉर्डच्या खोलीत. तिच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. यंदाच्या उन्हाळ्यात जे झालं त्यानंतर लिहिलं नाही तर मलाच बरं वाटणार नाही, म्हणून लिहिते.

मोनिकाचं काम सांगायला सोपं आहे. बियाण्याच्या प्रत्येक लॉटमधून चारशे दाणे घ्यायचे. ओल्या कागदावर शंभर-शंभर मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची आणि उबेच्या खोलीत उभी करून ठेवायची. सोयाबीन असेल तर आठव्या दिवशी गुंडाळी उलगडायची आणि मोजायचं. चांगलं रोप किती, बिघडलेलं किती, कडक राहिलेला दाणा किती, कुजलेला किती. शंभरात सत्तरच्या खाली आलं की लॉट बाद. मोजून झालं की तक्ता भरायचा आणि खाली मोजणाऱ्यानं सही करायची. दहा वर्षं ती सही मोनिकाची होती.

ती कारखान्यात आली तेव्हा दाणे निवडायच्या पट्ट्यावर होती. तिथून कागद भिजवायला म्हणून लॅबमध्ये घेतली. कागद भिजवता भिजवता ती बघायला शिकली. वर्षभरात अशी वेळ आली की बी.एस्सी. ॲग्री होऊन आलेली पोरं गुंडाळी हातात घेऊन तिच्याकडं यायची. “ताई, हे चांगल्यात धरू का बिघडलेल्यात?” ती एक नजर टाकायची. “बिघडलेल्यात. मान बघा त्याची.” पोरं सहा महिने, वर्ष राहायची, शिकायची, आणि दुसऱ्या कंपनीत नाहीतर परीक्षेच्या तयारीला निघून जायची. मोनिका तिथंच.

ती फार बोलणारी बाई नाही. नवरा, अंगद, लोखंडाच्या मिलमध्ये पाळीला जातो. तो सकाळी मोटारसायकलवर तिला गेटवर सोडतो आणि पुढं जातो. घरी एक मुलगी आहे, सासू आहे. तिला लॅबमधल्या त्या टेबलाचंच तेवढं अप्रूप होतं. खिडकीखालचं टेबल, पांढरा दिवा, आणि तक्त्याखाली “मो. अं.” एवढी छोटी सही. मी तक्ते फाईलला लावायची, त्यामुळं मला ती सही पाठ झाली होती.

वैशाखात हैदराबादच्या एका कंपनीचं पत्र आलं. त्यांचं बियाणं आमच्याकडं साफ होऊन जातं. त्यांची माणसं तपासणीला येणार होती, आणि लॅबमध्ये कोण काय शिकलंय त्याची यादी आधी पाठवायची होती. लॅबचे प्रमुख कल्याण सर. त्यांनी मला फाईली घेऊन बोलावलं, मोनिकालाही बोलावलं.

“मोनिकाताई, तुमचं शिक्षण काय लिहू?”

“बारावी.”

“शाखा?”

“आर्ट्स.”

सरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी पत्र पुन्हा वाचलं. मग आमच्याकडं न बघता म्हणाले, “इथं लिहिलंय, मोजणी करून सही करणारा माणूस कमीत कमी बारावी सायन्स पाहिजे. आणि बियाण्याच्या कुठल्याही कारखान्यात दोन वर्षं झालेली पाहिजेत.”

“मंग मी दहा वर्षं काय करून राह्यले, सर?”

“काम केलंत. त्याला कोण न्हाई म्हणतंय? पण कागदावर ते धरत न्हाईत.”

“तुम्ही करा की सही. मी मोजते.”

“माझी सही तपासणाऱ्याच्या जागी आहे. मोजणारा न् तपासणारा एकच असला तर ते लगेच पकडतात. जाहिरात दिली आहे, पण मोसमात कोण येतंय? मागचा पोरगा पुण्याला गेला, तो गेलाच.”

मग त्यांनी माझी फाईल उघडली. तिच्यात काय आहे ते मला माहीत होतं.

“दैवशालाताई, तुम्ही बारावी सायन्स आहात?”

मी मान हलवली. सत्तेचाळीस टक्के. फिजिक्स कसंबसं निघालेलं. पुढं कुठंच लागले नाही, कॉम्प्युटरचा कोर्स केला, लग्न झालं. चार वर्षं या कारखान्यात लेबलं छापते आणि फाईली लावते. बियाण्याचं रोप चांगलं कोणतं आणि वाईट कोणतं, हे मला विचारलं असतं तर मी हिरवं ते चांगलं असं सांगितलं असतं.

“मंग झालं,” सर म्हणाले. “तुम्ही लॅबला या. मोनिकाताई काही दिवस पॅकिंगला.”

मोनिका उठली. दाराशी थांबून म्हणाली, “सर, बावीस नंबरच्या लॉटचा आज आठवा दिवस आहे. तेवढं मोजून जाऊ का?”

“जा की,” सर म्हणाले. तेही ओशाळले होते.

ती आर्ट्सची कशी झाली, ते कारखान्यात माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही.

आम्ही नववीत गेलो तेव्हा शाळेत दोन गणितं होती. एक बीजगणित-भूमिती, दुसरं सामान्य गणित. दुसरं सोपं, व्याज, शेकडेवारी, रोजच्या कामातलं. कच्च्या मुलांसाठी होतं ते. पण आमच्या शाळेत त्याची वाटणी वेगळी झाली. आमच्या भागात ऑगस्ट ते ऑक्टोबर कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंग चालायचं. दुपारी मादी ओळीतल्या कळ्या सोलून त्यातला नराचा भाग काढून टाकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीचं फूल आणून त्या कळीवर फिरवायचं आणि खूण म्हणून दोरा बांधायचा. कळी दुखावली की बोंड गळतं. बोटं बारीक आणि हलकी लागतात, म्हणून पोरीच घ्यायचे. तीन महिने त्या पोरी शाळेत दिसायच्या नाहीत. साहेबराव सर गणित शिकवायचे. त्यांनी सरळ हिशोब केला होता: क्रॉसिंगला जाणाऱ्या पोरी सगळ्या सामान्य गणितात. शाळेचा निकालही वर राहायचा.

मोनिकाचं मात्र सरांना पटत नव्हतं. मी वह्या ठेवायला गेले होते तेव्हा तिची आई, आसराबाई, सरांच्या टेबलापुढं उभी होती. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. मोनिका बाजूला.

“पोरगी हुशार आहे तुमची,” सर म्हणत होते. “हिला बीजगणित झेपंल.”

“झेपंल हो सर. पण तीन महिने शाळेत न्हाई तर कसं झेपंल?”

“मंग क्रॉसिंगला नका पाठवू.”

“ते तुम्ही हिच्या बापाला सांगा. सांगता का?” मोनिकाचे वडील, म्हस्कू, मेंढरं विकून नुकतेच शेतीला लागले होते. तापट माणूस, त्यांच्याशी बोलायला कोणी जात नव्हतं. आसराबाई पुढं म्हणाली, “सर, ही नापास झाली ना, तर बाप दुसऱ्या दिवशी सोयरीक बघतो. मोठीचं तसंच केलं. मला मार्क नको, मला पास पाहिजे. सोपं आसल ते द्या.”

“गणित ते गणितच म्हणा,” सर म्हणाले. “मार्कंही तेवढीच.” आणि त्यांनी नाव लिहिलं.

आसराबाई हात जोडून गेली. त्या सोप्या गणितानं पुढचं एक दार बंद होतं, हे तिला कोणी सांगितलं नाही. सरांना तरी माहीत होतं की नाही, देव जाणे. इतक्या वर्षांत मी त्यांना विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट लिहायला पाहिजे. मोनिका क्रॉसिंगला ज्या प्लॉटवर जायची तो आमचा होता. माझ्या वडिलांचा, मच्छिंद्र आण्णांचा. अकरा पोरी होत्या, त्यातल्या चार आमच्या वर्गातल्या. त्या आमच्या कपाशीत वाकलेल्या असायच्या आणि मी शाळेत बीजगणिताच्या तासाला बसायची. तेव्हा मला त्यात काही वाटत नव्हतं. आमच्याकडं तसंच होतं.

रविवारी मी आण्णांची भाकर घेऊन प्लॉटवर जायची. मोनिका बांधावर बसून पाणी प्यायची आणि म्हणायची, “दैवे, काय शिकवलं आठवड्यात? वही आण की.” मी वही न्यायची. तिच्या बोटांना कपाशीचा चीक लागलेला असायचा, म्हणून ती वहीला हात लावायची नाही. मी पान उलटायची आणि ती वाचायची. मला न सुटलेली दोन समीकरणं तिनं काडीनं मातीत सोडवून दिली.

“तुला येतंय की गं हे,” मी म्हणाले.

“येतंय त्याला काय करायचं? माझ्या पेपरला हे न्हाईच.”

कंपनीचा एक माणूस प्लॉट बघायला यायचा. वेगळं दिसणारं झाड उपटून टाकायचं असतं, नाहीतर बियाण्यात भेसळ होते. तो शोधायच्या आधी मोनिका दाखवायची. “साहेब, ते बघा, त्याची पानं जाड आहेत.” तो हसून म्हणाला होता, “तू बारावी सायन्स कर, मंग ॲग्री कर. आमच्याकडं ये.” ते तिनं धरून ठेवलं. दहावी होईपर्यंत ती तेच म्हणायची.

दहावीला तिला एक्क्याऐंशी टक्के पडले, मला अठ्ठावन्न. सामान्य गणितात ती शाळेत पहिली होती. म्हस्कूकाकांनी गावात पेढे वाटले, आणि सोयरीक बघायचं आपोआप मागं पडलं. आसराबाईचं म्हणणं खरं ठरलं म्हणायचं.

अकरावीच्या फॉर्मच्या रांगेत आम्ही दोघी पुढंमागं होतो, तालुक्याच्या कॉलेजात. आधी तिचा नंबर. क्लार्कनं मार्कशीट बघितली. “वा, एक्क्याऐंशी!” मग बोट खाली सरकलं आणि थांबलं. “हे काय, सामान्य गणित? मंग सायन्स न्हाई भेटणार, बाई. आर्ट्स लिही.”

“पण मार्क आहेत ना, सर.”

“मार्क आहेत. विषय न्हाई. चल, मागं रांग आहे.”

त्यानं माझी मार्कशीट घेतली, अठ्ठावन्न बघितले आणि सायन्सवर शिक्का मारला.

ती बाहेर पायरीवर बसली होती. मला वाटलं रडते की काय. रडली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, “तुमच्या प्लॉटनं मला आर्ट्स केलं बघ, दैवे.” आणि हसली. चेष्टा होती. पण मी ती विसरले नाही.

आता पुन्हा या उन्हाळ्याचं.

कल्याण सरांनी सांगितलं त्याच आठवड्यात मोनिकानं एक दिवस सुट्टी काढली. मला म्हणाली, “चल माझ्यासंग. अंगदला वेळ न्हाई, आणि एकटीला मला बोलता येत न्हाई हापिसात.” जालन्यातल्याच एका कॉलेजात आम्ही गेलो. बाहेरून बारावी देतात तो सतरा नंबरचा फॉर्म तिला भरायचा होता, सायन्सचा. तिनं दहावी-बारावीच्या मार्कशीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घेतल्या होत्या. ऊन असं होतं की रिक्षाच्या सीटला हात लावता येत नव्हता.

खिडकीतल्या बाईनं ऐकून घेतलं. “तुम्ही बारावी पास आहात ना? मग पुन्हा कशाला?”

“ती बारावी आर्ट्सची आहे. मला सायन्स पाहिजे.”

“सतरा नंबरवर सायन्स नसतं, ताई. त्याला प्रॅक्टिकल असतं. रोज लॅबमध्ये यावं लागतं.”

“रोज लॅबमध्येच आसते मी,” मोनिका म्हणाली.

बाईला वाटलं ही चेष्टा करते. तिनं मान वर केली. “म्हणजे?”

“काही न्हाई. तुमची लॅब न्हाई, दुसरी.”

“हे बघा, रेग्युलर ॲडमिशन घ्यायची तर वयाचं बघावं लागेल, गॅपचं लिहून द्यावं लागेल. आणि दहावीला तुमचं सामान्य गणित दिसतंय.” तिनं मार्कशीट परत सरकवली. “आता तो विषयच बंद झाला म्हणा. शाळेत न्हाई आता तो.”

“बंद झाला?”

“सहा-सात वर्षं झाली. आता सगळ्यांना एकच गणित.”

मोनिकानं मार्कशीट पिशवीत घातली. एक तक्ता नीट घडी करून ठेवावा तशी, सावकाश. बाहेर उसाच्या रसाची गाडी होती. मी म्हणाले, रस घेऊ. ती म्हणाली, नको, अंगदच्या पाळीच्या आधी घरी पोचायला पाहिजे. रिक्षात ती म्हणाली, “विषय बंद झाला म्हणती. बरं झालं. माझ्या पोरीला तरी ते काम न्हाई राह्यलं.”

“आपण आधीच विचारायला पाहिजे होतं, दहा वर्षांपूर्वी,” मी म्हणाले.

“दहा वर्षांपूर्वी कोणाला माहीत होतं की मोजायला सायन्स लागतं? मी तर मोजूनच राह्यल्ते.”

सोमवारपासून ती पॅकिंगला गेली. तिथं आठ तास उभं राहायचं, पिशवी भरायची, शिवायची, पट्ट्यावर सोडायची. औषध लावलेल्या बियाण्याची गुलाबी धूळ सगळ्यांच्या अंगावर. मी तिच्या टेबलाशी बसले. खुर्ची तिच्या उंचीला लावलेली होती, ती मी बदलली नाही.

पहिल्याच दिवशी गुंडाळी उलगडली. शंभर रोपं, सगळी सारखीच दिसत होती. तपासणीला तीन आठवडे होते. तपासणारा माणूस समोर बसवून मोजायला लावतो, असं सरांनी सांगितलं होतं. मी मनात रेणुकेला म्हणाले, आई, यातून सोडव. पण कोणाला सोडवायचं ते मला सांगता येईना. मी पास झाले तर मोनिकाचं टेबल गेलं. नापास झाले तर कारखान्याचं काम गेलं, आणि तिचं तर कुठल्याही बाजूनं परत येत नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत मोनिका स्वतःच आली. केसांवर गुलाबी धूळ, हात धुतलेले.

“आण गुंडाळी.”

“तू जेवली का?”

“खाल्लं उभ्या उभ्या. आण जल्दी. अर्धा तास आहे.”

तिनं कागद दिव्याखाली पसरला. “सायन्सवाली ना तू? सांग मंग, हे काय?”

“चांगलं.”

“चांगलं? मूळ कुठाय त्याचं?”

मूळ अर्ध्यावरच थांबलेलं, टोक तपकिरी. मी बघितलंच नव्हतं.

“खालून वर बघायचं. आधी मूळ, मंग मान, मंग डाळिंब्या, दाण्याच्या त्या दोन फाका, मंग मधला कोंब. वरून बघितलं की हिरवं दिसतं आणि माणूस फसतं. ही मान बघ. चीर गेलीय. आता उभी आहे, पण शेतात वरच्या मातीचा पापुद्रा फोडायचा आला की मोडती. शेतकरी मंग कंपनीला शिव्या देतो. ही बिघडलेल्यात.”

“आणि हे?”

“हे चांगलं. एक डाळिंबी अर्धी गेली तरी चालतं. थोडंफार तुटलेलं चालतं त्याला, मूळ आणि मान धड पाहिजे.”

तीन आठवडे ती रोज यायची. रविवार सोडून. कधी मला झापायची. “दैवे, तुला शाळेतबी वही बघूनच येत होतं. वही बंद कर, डोळे उघड.” एकदा पॅकिंगच्या बेबीनंदामावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, “काय गं मोनिका, जिनं तुझी जागा घेतली तिलाच शिकवून राह्यली?” मला खाली बघावं लागलं. मोनिका गुंडाळीतून मान वर न करता म्हणाली, “जागा हिनं न्हाई घेतली, मावशी. हिच्या कागदानं घेतली. कागदाला शिकवता येत न्हाई, म्हणून हिला शिकवते.” मावशी हसत गेल्या. मी विचारलं, “खरंच तुला राग न्हाई?” ती म्हणाली, “राग आला की मोजणी चुकती. सत्तावन्नच्या पुढं चल.”

तपासणीच्या दिवशी सकाळी मी देव्हाऱ्यापुढं नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. साडेदहाला दोघंजण आले. एक वयस्कर, एक तरुण. त्यांनी उबेच्या खोलीतलं तापमान बघितलं, वजनकाट्याचा दाखला बघितला, फाईली बघितल्या. माझी बारावीची मार्कशीट बघितली. तरुणानं यादीवर खूण केली. मी दोन गुंडाळ्या काढून ट्रेमध्ये तयार ठेवल्या होत्या. मुळापासून वर बघायचं, मुळापासून वर बघायचं, असं मनात चालू होतं.

वयस्कर साहेब टेबलापाशी आले. ट्रेकडं बघितलं. “व्हेरी नीट,” म्हणाले. आणि जेवणाची वेळ झाली का, असं कल्याण सरांना विचारलं.

बस्स. गुंडाळी उलगडलीच नाही कोणी.

चार वाजता सर आनंदानं आत आले. पास झालो होतो. ते वाईट माणूस नाहीत. लगेच म्हणाले, “आता मी एक विचार केलाय. मोनिकाताईंना परत बोलावू. मदतनीस म्हणून. त्या मोजतील, तुम्ही सही करा. म्हणजे काम बराबर होईल आणि कागदही बराबर राहील.”

मोनिकाला सांगितलं. ती म्हणाली, उद्या सांगते.

मला वाटलं ती नाही म्हणेल. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. ती नाही म्हणाली असती तर माझ्या मनाचं ओझं थोडं कमी झालं असतं, तिनं मान राखला असं मला म्हणता आलं असतं. दुसऱ्या दिवशी मंगळवार. ती सकाळीच लॅबमध्ये आली, खिडकीजवळ उभी राहिली.

“येते मी,” म्हणाली. “उभं राहून राहून कंबर गेली, दैवे. रात्री पोरीला उचलता येत न्हाई. मान-बिन मला काही न्हाई. बसायला भेटतं, पुष्कळ झालं.”

मी तिची खुर्ची तिला दिली आणि माझ्यासाठी स्टूल ओढलं. ती बसली. मग म्हणाली, “एक सांगू? मी मोजलेलं न बघता सही करू नको.”

“तुझं कधी चुकलंय का?”

“चुकायचं. पण खाली माझं नाव असायचं ना, म्हणून मी दोनदा मोजायची. दहा वर्षं, प्रत्येक गुंडाळी दोनदा. आता नाव तुझं. थकल्या दिवशी मी एकदाच मोजीन. माणूसच आहे मी.” हे तिनं अगदी साधं सांगितलं, जसं कडक दाण्याचं सांगते तसं. “म्हणून तू बघत जा.”

तेव्हापासून असं चालू आहे. ती मोजते, मी चारातली एक गुंडाळी पुन्हा मोजते, संध्याकाळी सही करते. मी सही करताना ती तिकडं बघत नाही. कागद भिजवायला उठते.

परवा एका गुंडाळीत तिचे ब्याऐंशी होते आणि माझे एकोणऐंशी आले. मला वाटलं आता ती झापेल, कागद हिसकावून घेईल, मान दाखव म्हणेल. मी कागद तिच्यापुढं सरकवला.

“तुझं बराबर आसल,” ती म्हणाली. तिनं बघितलं नाही. “एकोणऐंशी लिही. पास तर आहेच.”

“मोने, बघ की एकदा.”

“काय बघायचं? सायन्सवाली तू आहे.” त्यात टोमणाही नव्हता. ती पुढच्या लॉटचे दाणे मांडायला लागली होती.

मी गुंडाळी माझ्याकडं ओढली आणि दिव्याखाली धरली. मूळ, मान, डाळिंब्या, कोंब. एकेका रोपापाशी थांबून पहिल्यापासून शंभरपर्यंत गेले. बराच वेळ लागला. बाहेर संध्याकाळच्या सुट्टीची घंटा झाली, बेबीनंदामावशींनी हाक मारली, मी उठले नाही.

ब्याऐंशीच होते. तीन चांगली रोपं मी बिघडलेल्यात टाकली होती. तिला सांगावं म्हणून मान वर केली तर ती चप्पल घालून गेटकडं निघाली होती, अंगदची गाडी आली होती. मी तक्त्यात ब्याऐंशी लिहिले आणि खाली माझी सही केली.